डावीकडचा दिवा

वर्णन : पुरुष, सेवानिवृत्त. वय सत्तरीच्या उंबरठ्यावर. उंबरठा ओलांडण्याबाबतचा निर्णय प्रलंबित. बांधा किरकोळ, मान किंचित पुढे झुकलेली. चष्मे दोन, पैकी एक वाचण्यासाठी व दुसरा पहिला शोधण्यासाठी. सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक या पदावर अखंड सेवा. सेवाकाळात आगगाड्यांची वेळापत्रके, कायद्यांच्या प्रती व निविदा यांतील अगणित चुका वेळीच पकडून जनतेचे संभाव्य हाल टाळले. वर्तणूक चांगली. व्यसन, जुनी नाणी. सदर इसमाच्या नजरेतून चूक सुटत नाही, असे प्रमाणपत्र निरोपसमारंभात त्यास जाहीररीत्या देण्यात आले. त्याच्या स्वतःच्या लग्नपत्रिकेत सासऱ्यांचे नाव चुकले होते. प्रूफ त्यानेच तपासले होते.

नाणेमित्र मंडळात या गृहस्थांना सगळे प्रूफवाले म्हणत. मंडळ म्हणजे दहाबारा माणसं, एक लोखंडी कपाट आणि रंगाच्या दुकानावरची एक खोली. महिन्यातून एकदा तिथे टर्पेंटाइनच्या वासात बसून माणसं एकमेकांची नाणी भिंगातून पाहायची आणि "छान आहे" म्हणायची. नाणेवाल्याच्या तोंडी "छान आहे" याचा अर्थ "माझ्याकडे याहून बरं आहे" असा असतो.

प्रूफवाल्यांकडे याहून बरं असं काही नव्हतं. अख्ख्या संग्रहात त्यांचा जीव होता तो एकाच नाण्यावर, आणि तेही पैशाला पासरी मिळणारं. निकेलचं, बोटाच्या पेराएवढं, केव्हाच चलनातून बाद झालेलं. एका बाजूला किंमत, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज आणि जहाजाभोवती गोल फिरणारी अक्षरं. या अक्षरांतलं एक, अगदी उजवीकडचं, काठाला टेकलेलं, दुहेरी होतं. म्हणजे अक्षराच्या पायाला लागून आणखी एक बारीक पाय. ठसा खोदताना कारागिराचा हात सरकला असणार, अक्षर एकदा बसलं असणार आणि मग जरासं हलून पुन्हा बसलं असणार. टाकसाळीची अशी चूक सापडली की नाणेवाल्याचा जन्म सार्थकी लागतो.

प्रूफवाल्यांनी ती चूक कित्येक वर्षांपूर्वी आपल्या खुर्चीत बसून, आपल्या टेबलावरच्या दिव्यात शोधली होती, आणि मग घरातल्या एकेकाच्या हाती भिंग देऊन दाखवली होती. बायकोला दिसली होती. मुलीला दिसली होती. जावयाला तर लग्न ठरायच्या आधीच दिसली होती, आणि लग्न ठरण्यात त्या दिसण्याचा मोठा वाटा होता असं मुलगी म्हणे.

दिसत नव्हती ती फक्त मंडळाच्या अध्यक्षांना.

अध्यक्ष निवृत्त वकील होते. न्यायालय सुटलं तरी उलटतपासणी सुटली नव्हती. त्यांनी नाणं चिमटीत धरून छताच्या ट्यूबलाइटखाली नेलं.

"कुठे आहे म्हणता?"

"उजवीकडे, काठाशी. त्या अक्षराचा पाय बघा. दोन आहेत."

"एकच आहे."

"जरा तिरकं धरा."

"तिरकं धरलं तर मला चारही दिसतील, प्रूफवाले. तो प्रश्न नाही." अध्यक्षांनी भिंग खाली ठेवलं आणि आवाजात सहानुभूती आणली, ती त्यांच्या घशात नेहमी तयार असे. "तुमचा दोष नाही हो. जन्मभर चुका शोधायचा पगार घेतलात. पगार थांबला, शोधणं थांबत नाही. तुम्हाला चूक दिसत नाही, तुम्हाला चूक हवी असते."

मंडळी हसली. चिटणीस, म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक, सगळ्यांत जोरात हसले. ते एरवी हसत नसत, त्यामुळे ते जास्त लागलं.

"असं करा," अध्यक्ष म्हणाले, "फोटो आणा. बाकीची सगळी अक्षरं एकेकटी आणि हे एकच जुळं, असा स्वच्छ फोटो. आणलात तर स्मरणिकेचं मधलं रंगीत पान तुमचं. पण हललेला आणू नका. हललेल्या फोटोत माझी सासूसुद्धा दोन दिसते, आणि ती एक होती तेच पुष्कळ होतं."

प्रूफवाले वाटेत दोनदा थांबून नाणं पाहत घरी आले. रंगीत पान मिळावं असं त्यांना वाटत होतंच. मंडळात येऊन त्यांचे केस पांढरे झाले होते आणि स्मरणिकेत नाव आलं होतं ते फक्त मुद्रितं तपासल्याबद्दल आभारांच्या यादीत. पण खरी बोच पानाची नव्हती. चूक दिसते की चूक हवी असते? हा खडा चपलेत अडकून बसला. दुसरी गोष्ट खरी असेल तर मग छापखान्यातल्या अख्ख्या नोकरीचं काय? न जाणो, कितीतरी बरोबर शब्द आपण उगाच बदलले असतील. कुठल्या स्टेशनावर कुणी तासभर उभं राहिलं असेल.

"फोटो काढायचा," त्यांनी बायकोला सांगितलं.

"माझा?"

"नाण्याचा."

"वाटलंच," ती म्हणाली.

बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. तीही निवृत्त झाली होती. आयुष्यभर तिने हजारो माणसांना गार काचेला छाती लावून उभं केलं होतं आणि त्यांतल्या एकाही माणसाने तिचा शब्द मोडला नव्हता. घरात मात्र ही सवलत नव्हती.

कॅमेरा जावयाने दिला. "बाबा, वापरा हवा तेवढा," असं म्हणाला आणि मग दाराबाहेर गेल्यावर मुलीला म्हणाला, "पाडणार नाहीत ना?" जागा म्हणून जेवणाचं टेबल ठरलं, कारण घरातली बाकीची तीन टेबलं मिळून अकराच पाय जमिनीला टेकत होते. जेवणं मांडीवर ताट घेऊन सुरू झाली.

कॅमेरा नाण्याच्या डोक्यावर उलटा टांगायचा होता. त्यासाठी प्रूफवाले हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि त्यांनी ड्रिल मशीनचा स्टँड मागितला. बुडाला जड लोखंडी पाट, त्यावर उभा दांडा आणि दांड्यावर वरखाली सरकणारा हात.

"ड्रिल कुठलं आहे तुमचं?" दुकानदाराने विचारलं.

"ड्रिल नाही."

"मग भोक कशाने पाडणार?"

"भोक पाडायचंच नाही. फोटो काढायचाय. नाण्याचा."

दुकानदाराने त्यांच्याकडे एकदा आणि स्टँडकडे एकदा पाहिलं. "काका, पलीकडच्या गल्लीत फोटोवाला आहे. पाच मिनिटांत काढून देतो. नाणं घेऊन जा, येताना भाजी घेऊन या."

स्टँड आला. त्यावर कॅमेरा बसला. आता तो अगदी सरळ खाली पाहायला हवा होता. तसूभर कलला तर नाण्याची एक कड लख्ख आणि दुसरी धुक्यात. पाणसळ लावून झाली. पाणसळीच्या मते कॅमेरा सरळ होता, टेबल सरळ होतं, घर कललेलं होतं. शेवटी प्रूफवाल्यांना एक युक्ती वाचायला मिळाली : नाण्याच्या जागी आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून पाहायचं. कॅमेऱ्याला स्वतःचा डोळा बरोब्बर मधोमध दिसला, की समजायचं तो सरळ आहे. घरात सुटा आरसा एकच होता.

"अहो, माझा आरसा कुठे आहे?" आतून आवाज आला.

"कॅमेरा स्वतःला बघतोय."

"त्याचं आवरलं की सांगा. मलाही बाहेर जायचंय."

मग दिवे. दिवे जोडीने विकत मिळतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवायला. प्रूफवाल्यांनी जोडी मागवली. खोकं उघडलं तर एक धडधाकट आणि दुसऱ्याची मान मोडलेली. दुकानाशी फोनवर बरंच बोलणं झालं, त्यातून "बदलून पाठवतो" एवढं निष्पन्न झालं, आणि मोडक्या मानेचा परत गेला. राहिला एक. तो त्यांनी डावीकडे ठेवला. त्यांचा वाचायचा दिवाही आयुष्यभर खुर्चीच्या डावीकडेच होता, आणि शिवाय टेबलाच्या उजवीकडे फ्रिज होता.

पहिला फोटो निघाला तेव्हा दोघांनी चष्मे लावून कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं. जहाजाच्या शिडात एक माणूस उभा होता. त्याच्या अंगात बनियन होतं.

"हा कोण?" बायकोने विचारलं.

"मी." निकेल चकचकीत, त्यात समोरचं सगळं उमटतं. प्रूफवाल्यांनी भर उन्हाळ्यात काळा स्वेटर चढवला. शिडातला माणूस गेला. पण आता लक्षात आलं, की फोटो उजव्या अंगाने फिकट आहे, आणि मुख्य म्हणजे ते अक्षर, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, एकेरी दिसतंय. प्रूफवाले चपापले. इकडेतिकडे पाहिलं आणि गुन्हेगार सापडला. फ्रिज. पांढराशुभ्र, आडदांड, दिव्याचा उजेड अंगावर घेऊन नाण्यावर परत फेकणारा.

"हा फ्रिज पुरावा पुसतोय," ते म्हणाले, आणि कपाटातून काळी घोंगडी काढून त्यांनी ती फ्रिजवर घातली. शिवाय एक काळा पुठ्ठा बायकोच्या हाती देऊन तिला नाण्याच्या उजवीकडे उभं केलं. अक्षर लगेच पुन्हा दुहेरी झालं.

संध्याकाळी मुलगी आली. तिने दारातून पाहिलं. काळ्या घोंगडीखाली काहीतरी उंच उभं होतं, बाजूला काळा स्वेटर घातलेले वडील आणि काळा पुठ्ठा छातीशी धरलेली आई.

"काय झालं? कोण गेलं?"

"फ्रिज," आई म्हणाली. "आत दही आहे, हवं असेल तर खालून हात घाल."

फोटो अजूनही हलत होता. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याचं आतलं झाकण, म्हणजे शटर, बराच वेळ उघडं राहायचं, आणि तेवढ्यात घरात कुणी पाऊल जरी टाकलं तरी प्रत्येक अक्षर जुळं, जहाजं दोन, शिडं चार. अध्यक्ष नेमके हेच म्हणणार होते. तेव्हा बायकोने कारभार हाती घेतला. पुठ्ठा धरून ती ताठ उभी राहिली आणि तिच्या तोंडून जुना आवाज आपोआप बाहेर पडला :

"श्वास घ्या. रोखा. हलू नका."

प्रूफवाल्यांनी बटण दाबून हात काढून घेतला. सगळं घर थांबलं. मुलगी घास तोंडात धरून थांबली.

"सोडा."

फोटो पहिल्यापेक्षा पुष्कळ बरा होता, पण त्यातही एक बारीक थरथर होती. ती कुठून येते हे शोधत प्रूफवाल्यांनी कान भिंतीला लावला, मग जमिनीला, मग स्टुलावर चढून छताला. वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर राहत होता. त्याने पोट कमी करायला पळायचं यंत्र घेतलं होतं. प्रूफवाले जिना चढून गेले. डॉक्टरने घाम पुसत दार उघडलं.

"डॉक्टर, तुम्ही धावता तेव्हा माझं जहाज हलतं."

"कसलं जहाज?"

"नाण्यावरचं."

डॉक्टर दम खात उभा राहिला. "काका, मी वजन उतरवतोय."

"उतरवा ना. पण ते माझ्या डोक्यावर उतरवू नका."

शेवटी तह झाला. खालून केरसुणीच्या दांड्याने छताला एक टोला आला की डॉक्टरने थांबायचं, दोन आले की धावायचं. सुरुवातीला त्याने कपाळाला आठ्या घातल्या. पुढे पुढे तो टोल्याची वाट पाहत धावू लागला, आणि एकदोनदा तर टोला न येताच थांबला. पोट होतं तिथेच राहिलं; दोष अर्थात खालच्यांचा.

असं करत करत एके दिवशी ते जमलं. टोला पडला, वर शांतता झाली, बायकोने श्वास रोखायला लावला, आणि फोटो निघाला तो असा, की जहाजाच्या दोऱ्या मोजून घ्याव्यात. सगळी अक्षरं एकेकटी, आपापल्या पायांवर उभी. आणि उजवीकडे काठाशी ते एक अक्षर. त्याचे पाय दोन.

मुलीने तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मग चिटणिसांनी एक अंगठा पाठवला. मग आणखी दोन अंगठे आले. आणि मग अध्यक्षांचे शब्द उमटले : "पाहिले. मान्य. पान आपले."

वकिलाने, तेही फुकट, "मान्य" म्हणावं याहून मोठी पदवी नाही. प्रूफवाल्यांची पुढे झुकलेली मान सरळ झाली. ते रस्त्याने दुकानांच्या पाट्या वाचत हिंडले आणि चुकलेल्या पाट्यांनाही त्यांनी उदार मनाने माफ केलं. "मान जरा सैल सोडा," बायको म्हणाली, "उसण भरेल."

आणि मग दुसरा दिवा आला.

तो आला नसता तरी चाललं असतं. दुकान विसरलंच असेल असं सगळे धरून चालले होते. पण ते विसरलं नव्हतं. खोकं आलं, आत ताठ मानेचा नवा दिवा. टेबल अजून मांडलेलंच होतं. प्रूफवाल्यांनी विचार केला, स्मरणिका अजून छापायला गेलेली नाही, पान रंगीत आहे, फोटो आहे त्याहून देखणा हवा. जोडी आहे तर जोडीने लावावी. त्यांनी नवा दिवा रीतसर उजवीकडे, पुठ्ठ्याच्या अलीकडे ठेवला. टोला मारला. बायकोने त्यांना श्वास रोखायला लावला आणि स्वतःही रोखला. फोटो निघाला. प्रूफवाले पडद्यावर वाकले.

अक्षराला एकच पाय होता.

त्यांनी चष्मा बदलला. एकच. उजवीकडचा दिवा बंद केला, दोन. लावला, एक. बंद, दोन. लावला, एक. मग त्यांनी नाणं उचललं आणि दोन्ही दिव्यांखाली भिंग धरून, छापखान्यात एकेक अक्षर सुटं करून वाचायचे तसं वाचलं. ठसा खोदणाऱ्याचा हात मुळीच सरकला नव्हता. ते अक्षर काठाला टेकलेलं होतं, आणि काठाला आतून एक छोटीशी भिंत असते. डावीकडून आलेला उजेड त्या भिंतीवर आपटायचा आणि परत फिरताना अक्षराच्या पायाशी एक बारीक पांढरी रेघ ओढायचा. दुसरा पाय उजेडाचा होता. टाकसाळ निर्दोष सुटली.

त्यांनी मान वळवून फ्रिजकडे पाहिलं. हे सगळं त्या बिचाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावर त्यांनी त्याच्या तोंडावर घोंगडी टाकली होती.

"सोडू का?" बायकोने दाबलेल्या आवाजात विचारलं. ती अजून श्वास रोखून उभी होती.

"सोड."

तिने श्वास सोडला आणि पुठ्ठा खाली ठेवला. "काय झालं?"

त्यांनी दिवा लावून, बंद करून दाखवलं. ती दोन्ही वेळा नीट पाहत होती. बरीच नीट, इतकी, की त्यांना शंका आली.

"अगं, तुला पूर्वी दिसत होते ना दोन पाय? पहिल्यांदा दाखवलं तेव्हा? भिंगातून?"

"कधी?"

"त्या वेळी. तू म्हणालीस, हो दिसतंय."

"दूध होतं गॅसवर."

"म्हणजे?"

"म्हणजे भिंगातून मला माझी पापणी दिसत होती. चांगली मोठी. तुम्ही विचारलंत दिसलं का, मी म्हटलं दिसलं."

प्रूफवाले खुर्चीत बसले. "आणि मुलगी?"

"तिची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती."

"आणि जावई?"

"त्याला मुलगी हवी होती."

वरून थपथप सुरू झाली. डॉक्टरला दोन टोले मिळाले नव्हते, पण आज बहुधा कंटाळून तो आपण होऊन धावू लागला होता. नाण्यावरचं जहाज हलत असणार. हलू दे.

"तो दिवा बंद करा ना मग," बायको म्हणाली. "झालं. एका दिव्याचा फोटो आहे, सगळ्यांना पसंत आहे, पान मिळालंय. कोण विचारतंय?"

"वकील म्हणाला होता, मला चूक हवी असते म्हणून."

"म्हणू दे."

"म्हणू दे काय? खरं निघालं ना ते."

"असं कसं?" ती म्हणाली. "चूक हवीच असती तर हा दिवा लावून परत का बघितलंत?"

"फोटो चांगला यावा म्हणून."

त्यांनी दोन्ही दिवे बंद केले. "आपल्या लग्नपत्रिकेत तुझ्या वडिलांचं नाव चुकलं होतं," ते मग म्हणाले. "छापून आल्यावर मी एकेक पत्रिका शाईने दुरुस्त करत बसलो होतो. निम्म्या तर पोस्टात पडल्या होत्या, त्या परत मागवल्या."

"आठवतंय. त्या भरात दोन पत्रिकांवर तुम्ही माझंही नाव दुरुस्त केलं होतंत."

"पण मागवल्या," प्रूफवाले म्हणाले.

सभेच्या दिवशी दोघं दोन्ही दिवे पिशवीत घालून निघाली. ती का निघाली हे तिने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. दिवा धरायला कुणीतरी लागणारच होतं. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत मनात जुळवून ठेवलं होतं. पान परत, शब्द परत, अध्यक्ष म्हणाले ते बरोबर. एवढंच बोलायचं, दाखवायचं आणि मंडळी हसायला लागली की जिना उतरायचा.

पण खोलीत त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही. सगळे टेबलावर वाकले होते. टेबलावर अध्यक्षांच्या घरची विजेरी डावीकडे टेकवून ठेवली होती आणि तिच्यासमोर चार नाणी ओळीने मांडली होती. चारही तीच : निकेल, जहाज, गोल अक्षरं.

"या, या, प्रूफवाले!" अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या फोटोने आमचे डोळे उघडले. घरी जाऊन डबा उपसला, तर आमच्या आजोबांच्या पैशांत एक निघालं. जुळं! तुमच्याहून ठळक आहे, हे मी मित्रत्वाने सांगतो."

"माझ्याकडे दोन निघाली," चिटणीस म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. चौथं कुणा तिसऱ्याच सभासदाचं होतं. तो लाजून बाजूला उभा होता, नवऱ्यामुलासारखा.

अध्यक्षांनी तर लेखही लिहून आणला होता. त्यात या नाण्याला "अध्यक्षीय नमुना" असं नाव सुचवलं होतं, आणि प्रूफवाल्यांचा उल्लेख तळटीपेत, फोटोबद्दल आभार म्हणून.

"मला पान परत द्यायचंय," प्रूफवाले म्हणाले.

"छे, छे! वाटून घेऊ."

"तसं नव्हे." त्यांनी पिशवीतून दिवे काढले. एक डावीकडे ठेवला, एक बायकोच्या हाती देऊन उजवीकडे. डावा लावला. ट्यूबलाइट बंद करायला सांगितली. चार नाणी, चार अक्षरं, आठ पाय. मंडळींनी समाधानाचा उद्गार काढला. मग त्यांनी बायकोकडे पाहून मान हलवली. तिने दिवा लावला.

चार पाय.

चिटणिसांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"बंद करा तो," अध्यक्ष म्हणाले. आठ. "लावा." चार. "पुन्हा बंद करा." त्यांनी दिव्याची उलटतपासणी चालवली होती, पण दिवा साक्ष बदलेना. शेवटी ते खुर्चीत मागे रेलले. "प्रूफवाले, मला सांगा. एका दिव्यात पुरावा दिसतो. दुसरा लावला की तो नाहीसा होतो. बरोबर?"

"बरोबर."

"मग दुसरा दिवा काय करतो? पुरावा नष्ट करतो."

"अहो, तो पुरावा नाही, काठावरून परत आलेला उजेड आहे. तुम्हीच म्हणाला होतात एकच पाय आहे म्हणून. तुमचं बरोबर होतं. मी सांगायला आलोय, चूक माझी होती."

"तेव्हा तुमची होती," अध्यक्ष म्हणाले. "आता मंडळाची आहे."

"माझी दोन आहेत," चिटणीस क्षीण आवाजात म्हणाले.

"वहिनी, तुम्हीच सांगा," अध्यक्ष बायकोकडे वळले. "तुम्हाला दिसत होते ना दोन पाय, इतकी वर्षं? प्रूफवाले नेहमी सांगायचे, घरात सगळ्यांना दिसतात."

"मला पापणी दिसत होती," ती म्हणाली.

हे उत्तर कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं, म्हणून ते सोडून देण्यात आलं. मग सगळे एकदम बोलू लागले. छापखान्याला आगाऊ पैसे दिलेत, शेजारच्या गावच्या मंडळाला कळवून झालंय, त्यांना आपला हेवा वाटू लागलाय, आणि शोध परत घ्यायचा असतो का कधी? त्या लाजऱ्या सभासदाने तर प्रूफवाल्यांना कोपऱ्यात नेऊन कळवळून विचारलं, "दुसरा दिवा लावायचाच कशाला, काका? घरात कोण लावतं दोन दिवे?" प्रूफवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलाभोवतीच्या माणसांकडे पाहिलं. भल्या माणसांचे डोळे आठ पायांवर खिळले होते. त्या खोलीत ज्याला चूक नको होती असा एकच माणूस होता, आणि तो छापखान्यातून निवृत्त झालेला होता. चपलेतला खडा निघाला आणि त्यांना एकाएकी भूक लागली.

अध्यक्षांनी ठराव मांडला. विरोधात हात वर झाले दोन. पैकी एक सभासद नसलेल्या बाईंचा असल्याने मोजण्यात आला नाही. इतिवृत्तात नोंद झाली ती अशी :

"ठराव : यापुढे मंडळाच्या सर्व सभांत, प्रदर्शनांत व स्मरणिकेत सदर नाण्याचे निरीक्षण व छायाचित्रण डाव्या बाजूस ठेवलेल्या एकाच अधिकृत दिव्याच्या प्रकाशात करण्यात यावे. उजव्या बाजूने येणारा प्रकाश, मग तो दिव्याचा, खिडकीचा वा अन्य कोणत्याही स्रोताचा असो, मंडळ ग्राह्य धरणार नाही. सूचक अध्यक्ष, अनुमोदक चिटणीस. विरोधी मत एक. ठराव बहुमताने मंजूर."

प्रूफवाल्यांनी आपले दोन्ही दिवे पिशवीत भरले आणि ती दोघं जिना उतरून गेली.

मंडळाकडे दिवा नव्हता.